सतरावा बार

१

लाइल स्कोग्मोला त्याच्या बायकोनेच मारलं, असं हेगनेसमध्ये कोणीही म्हणालं नाही. मिनेसोटातली माणसं असं तोंडावर बोलत नाहीत. त्यांनी हॉटडिश आणल्या. तीन आठवड्यांत चौदा काचेची भांडी आली. खाली खिमा, वर बटाटे, त्यावर चीज, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. भांडं हातात देताना प्रत्येकीने आर्डिसचा दंड दाबला आणि म्हटलं, "स्वतःला दोष देऊ नकोस हं." तोवर आपल्याला कोणी दोष दिलाय हे आर्डिसला माहीतही नव्हतं.

घडलं ते थोडक्यात असं. मे महिन्यातल्या एका बुधवारी संध्याकाळी, गावाबाहेरच्या क्लबच्या मैदानावर, हवेत सोडलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरताना लाइलच्या हातातली बंदूक फुटली. अठरावा बार होता. नळीचा एक तुकडा मानेत शिरला आणि रुग्णवाहिका यायच्या आत सगळं आटोपलं. लाइल दुकानातली काडतुसं वापरत नसे. एकतीस वर्षं त्याची काडतुसं आर्डिस भरत आली होती, घराच्या तळघरात, दिव्याखाली, बहुतेक हिवाळ्यात. वापरलेल्या पुंगळीत नवी बारूद, त्यावर प्लास्टिकचं बूच, त्यावर छर्रे, मग तोंडाला चुण्या घालून बंद. लोकांच्या बायका स्वेटर विणत, आर्डिस काडतुसं भरी.

शेरीफच्या माणसाने टोपी हातात धरून सांगितलं होतं, "घरी भरलेलं काडतूस, मिसेस स्कोग्मो. बारूद दुप्पट पडली असणार. अपघात म्हणून लिहिलंय, तुम्ही काळजी करू नका." आणि फुटलेली बंदूक एका गोणपाटात गुंडाळून ओट्यावर ठेवून तो गेला होता.

आर्डिस रडली नाही. दात काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी ती सबंध झाली होती. सगळ्या बधिरपणात तिला एकच गोष्ट हवी होती. आपल्या हातून झालं की नाही, तेवढं कळावं. झालं असेल तर झालं म्हणून कळावं.

आणि तिला खात्री नव्हती. ती पेटी भरताना फार्गोहून बहिणीचा फोन आला होता. पंचवीस पुंगळ्या रांगेत ठेवून ती वर गेली, वीस मिनिटं बहिणीच्या गुडघ्याची कहाणी ऐकली आणि परत खाली आली. बंद करण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येक पुंगळीत बघायची तिची सवय होती. त्या दिवशी बघितलं का? बघितलंच असेल. पण आठवत नव्हतं.

मायलो ब्रॅन्वोल्ड मात्र रोज येत होता. लाइलचा शाळेपासूनचा दोस्त. तो येऊन गवत कापी, कॉफी पिई आणि स्वतःचा कप स्वतः धुवून ठेवी. "पन्नास हजार तरी भरली असशील आजवर," तो म्हणाला होता. "एखाद्यात बारूद कमी पडली तर त्यात काय? कोणाच्याही हातून होतं, आर्डिस."

"हो," ती म्हणाली होती.

एकविसाव्या दिवशी सकाळी, काही कारण नसताना, तिने गोणपाट सोडलं. बंदूक टेबलावर ठेवली, चष्मा लावला, आणि खुर्ची ओढून बसली. नळी भलत्याच जागी फुटलेली होती.

२

बारूद दुप्पट पडली की बंदूक मागे फुटते, जिथे काडतूस बसतं तिथे. हे आर्डिसला लाइलनेच लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं. इथे मागचा भाग ठणठणीत होता. अठराव्या बाराची पुंगळी अजून आतच होती, आणि तीही धड. नळी फाटली होती तिथून वीतभर पुढे, जिथे लाइलचा डावा हात असे.

नळी पुढे फुटते ती आत काहीतरी अडकलेलं असलं तर. आणि अडकणार काय? आधीच्या बाराचं बूच. एखाद्या काडतुसात बारूद जेमतेम चिमूटभर असली की छर्रे कसेबसे बाहेर पडतात आणि बूच नळीतच राहतं. आवाज येतो तोही बाटलीचं झाकण उघडल्यासारखा. अशा वेळी थांबायचं, नळीतून आरपार बघायचं, काठीने बूच ढकलून काढायचं. पाच वर्षांच्या पोरालाही हे शिकवतात. न बघता पुढचा बार टाकला तर लाइलचं झालं तेच होतं.

म्हणजे अठराव्या काडतुसाचा काही दोष नव्हता. वाईट होतं ते सतरावं.

यात सुटका काहीच नव्हती. दुप्पट बारूद भरायला माणूस वेंधळा लागतो, पण बारूद राहून जायला फार्गोहून एक फोन पुरतो. आर्डिसने कॉफीचा घोट घेतला. ती गार झाली होती.

सतराव्या बाराची पुंगळी मिळायला हवी होती, आणि ती कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. लाइल एकही पुंगळी जमिनीवर टाकत नसे, काढली की कमरेच्या पिशवीत. इस्पितळाने दिलेली कपड्यांची थैली तिने न उघडता कपाटात कोंबली होती. ती काढली. जाकीट बाजूला ठेवलं, त्याच्याकडे फार बघितलं नाही. पिशवी टेबलावर उपडी केली.

सात भरलेली काडतुसं. सतरा रिकाम्या पुंगळ्या. बंदुकीतली एक. पंचवीस, बरोबर.

पुंगळी पुन्हा भरली की आर्डिस तिच्या पितळी बुडावर हिरव्या नेलपॉलिशचा एक ठिपका देई. पाच ठिपके झाले की पुंगळी बाद, आणि क्लबच्या पिंपात. त्या बुधवारच्या पेटीतल्या पुंगळ्या तिने दुसऱ्यांदा भरल्या होत्या, म्हणजे प्रत्येकीवर दोन ठिपके. तिने एकेक उलटी करून बघितली. दोन, दोन, दोन.

एकीवर पाच होते. बाहेरून काजळी धरलेली. तिने ती टेबलावर आपटली तेव्हा आतून न जळलेल्या बारुदीचे चार-सहा कण पडले.

आर्डिसने ती खिडकीपाशी नेली. पुंगळीचं तोंड बार उडाल्यावर उघडतं, पण चुण्यांच्या खुणा जात नाहीत. तिचं यंत्र आठ चुण्या घालतं. या तोंडावर जुन्या आठ खुणा पुसट होत्या, आणि त्यांच्यावर ठसठशीत नव्या सहा.

पुंगळी तिची होती, एकेकाळी. पिंपातून उचलून ती दुसऱ्याच कोणी भरली होती. काडतूस तिचं नव्हतं.

३

क्लबचा कारभार ऑर्व्हल हाझे बघे. काउंटर, कॉफी, गुणांचे कागद सगळं त्याच्याकडे. आर्डिसला दारात बघून त्याने रेडिओ बंद केला आणि तिच्यासाठी कॉफी ओतली.

"त्या दिवशीचा कागद आहे?" तिने विचारलं.

"आर्डिस, कशाला उगाच..."

"आहे का?"

कागद होता, पाच जणांचा; ते ओळीने उभे राहून आळीपाळीने एकेक बार टाकत. लाइलच्या ओळीत सोळा बार अचूक, सतराव्याला शून्य, अठराव्यापासून कोरं. डावीकडे वेन्डेल, लाइलचा धाकटा भाऊ. उजवीकडे मायलो, त्याची ओळ शून्यांनी भरलेली.

"मायलोचं काय झालंय?"

"यंदा नशीबच फिरलंय बिचाऱ्याचं. पंचविसात बारा लागले तर आनंदच म्हणायचा. सांध्यांचं दुखणं म्हणतो."

"सतरावा बार कसा वाजला, ऑर्व्हल?"

ऑर्व्हलने काउंटर पुसायला घेतलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "ढिला वाटला मला," तो शेवटी म्हणाला. "मी मागे खोलीत, काचेपलीकडे. म्हटलं वाऱ्यामुळे असेल. आणि मायलो होता ना शेजारी. तुला माहीतच आहे."

तिला माहीत होतं. लाइलला ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे, आणि मैदानावर कानांत बोळे घातले की काहीच नाही. खांद्याच्या ऑपरेशननंतर बंदुकीला जाड गादी बसवल्यापासून त्याला धक्काही नीट जाणवत नसे. म्हणून चार वर्षं मायलो त्याच्या उजव्या हाताला उभा राहत आला होता. बार ढिला निघाला तर लाइलच्या खांद्यावर हात ठेवायचा, एवढंच त्याचं काम. दोनदा ठेवलाही होता.

"मायलो हलला नाही," ऑर्व्हल म्हणाला, "म्हणून मला वाटलं ठीकच असेल. मी तेव्हाच ओरडलो असतो तर... रोज रात्री हेच घोळतं डोक्यात. आता तूच सांग, मी काय करू?"

आर्डिसला त्याची कीव यायला हवी होती, पण काहीच आलं नाही. "लाइलने कोणाकडून काडतूस घेतलं होतं का?"

"घेतलं ना. सोळाव्याला जागा बदलताना त्याचं एक डबक्यात पडलं. भिजलेलं कशाला म्हणून शेजाऱ्याने आपलं दिलं. इकडच्याने की तिकडच्याने, ते नाही दिसलं. आणि त्याने ते लगेच लावलं नाही, पिशवीत टाकलं." त्याने काउंटरखालून कॉफीचा जुना डबा काढला. मैदानावर सापडलेली काडतुसं तो त्यात टाकत असे. आर्डिसने डबा ओतला. चिखल वाळलेलं एक काडतूस, तोंडाला आठ चुण्या, बुडावर दोन हिरवे ठिपके.

तिचं पंचविसावं.

"सहा चुण्यांचं यंत्र गावात कोणाकडे आहे?" तिने विचारलं.

ऑर्व्हलने तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. "एकच आहे. तुझ्या सासऱ्याचं. ते वेन्डेलकडे गेलं."

४

सासरे वारले तेव्हा बंदूक थोरल्याला गेली आणि काडतुसं भरायचं यंत्र धाकट्याला. त्यावरून स्कोग्मो भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. दर बुधवारी मात्र शेजारीशेजारी उभे राहत, कारण जागा ठरलेल्या होत्या आणि भांडणासाठी जागा सोडायची पद्धत नव्हती.

वेन्डेल ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला, हात पुसले, आणि तिने पुढे केलेली पुंगळी घेतली. तिचं तोंड उजेडाकडे धरून बघितलं.

"बाबांचं यंत्र," तो म्हणाला.

"हो."

"तुला वाटतंय मी."

"मला अजून काही वाटत नाही, वेन्डेल. मी विचारतेय."

"अगं, त्याला काडतूस द्यायचं म्हणजे आधी बोलावं लागलं असतं," वेन्डेल म्हणाला, आणि हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकला. "डबक्यात पडलं ते बघितलं मी. माझा हात खिशात गेला होता. म्हटलं, देतो. मग म्हटलं, तो काय म्हणेल. तेवढ्यात पलीकडून दुसऱ्याने दिलं. बरं झालं, म्हटलं, सुटलो. असा माणूस मी."

"यंत्र कुठाय?"

"इथे नाही. तितरांच्या शिकारीचा हंगाम संपला, तेव्हापासून मी भरलंच नाही, दुकानातलीच वापरतो. मायलोने मागून नेलं फेब्रुवारीत. त्याचं ते नवं, भराभर चालणारं यंत्र त्याला झेपेना. म्हणाला, जुनं बरं, त्यावर हाताने चाचपता येतं."

"चाचपता येतं असं म्हणाला?"

"हो. का?"

आर्डिसला मायलोची कॉफी आठवली, धुतलेला कप आठवला, आणि त्या कपासमोर बसून तो काय म्हणाला होता तेही. शेरीफचा माणूस म्हणाला होता बारूद दुप्पट. चर्चमधल्या बायका म्हणाल्या होत्या दुप्पट. सगळं गाव दुप्पट म्हणत होतं, कारण बंदूक फुटली म्हणजे तेच.

कमी म्हणाला होता तो एकटा मायलो.

५

मायलो गॅरेजात होता. कामाच्या टेबलावर सासऱ्यांचं यंत्र, त्याला वर उलटी लावलेली बारुदीची बाटली. बाटली रिकामी होती.

आर्डिसने पुंगळी टेबलावर ठेवली. मायलोने ती उचलली आणि नाकाला लागेल इतकी जवळ नेली. मग डोकं थोडं वळवून, कोंबडी दाणा बघते तसं, बाजूने बघितलं.

"डोळे कधीपासून गेलेत?" तिने विचारलं.

"नाताळपासून. मधोमध धूसर दिसतं. कडा तेवढ्या दिसतात."

"कोणाला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर गाडीचं लायसन्स गेलं असतं. मग बुधवार गेला असता. शेताच्या त्या टोकाला मी एकटा, आर्डिस. बुधवार सोडला तर मला काय आहे?"

"बाटली संपलेली तुला दिसली नाही."

"नाही दिसली. शेवटच्या काडतुसात किती पडली कोण जाणे. हातात घेतलं तर वजन सारखंच लागलं."

"तू मला म्हणालास, बारूद कमी पडली असेल. सगळे दुप्पट म्हणत होते."

मायलो स्टुलावर बसला. त्याचे हात मांडीवर पडले, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना असं दिसलं.

"बार ढिला निघाला ते मला कळलं," तो म्हणाला. "माझंच काडतूस, हेही कळलं. हात उचलला होता मी. इथवर." त्याने हात छातीपर्यंत वर नेला. "मग वाटलं, थांबवलं तर बूच काढतील, पुंगळी बघतील, ऑर्व्हल विचारेल कोणी भरलं. एकदा तरी लाइल स्वतः बघेल, म्हटलं. बघतात की माणसं."

"तो नसता बघत. ते त्याने तुझ्यावर सोडलं होतं."

"हो."

"मग काय केलंस?"

"माझी पाळी होती. तबकडी सोडा म्हणालो."

"आणि?"

"बार टाकला. मग माझ्या पुढच्यांनी टाकले. मग वेन्डेलने. चार बार झाले, आर्डिस. मी मोजत होतो. प्रत्येक बाराला म्हणत होतो, आता बोल. मग लाइलने बंदूक उचलली."

बाहेर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. आर्डिसला जाणवलं की तिला राग आलाय. तीन आठवड्यांत आलेली ती पहिली गोष्ट होती, आणि ती लाइलसाठी नव्हती, हे बघून तिचं तिलाच नवल वाटलं.

"ती चूक होती," ती म्हणाली. "डोळे गेले, बाटली संपली, तोंड उघडलं नाही. भित्रा माणूस आहेस, मी समजून घेतलं असतं. पण नंतर तू माझ्या घरी आलास. वीस दिवस माझ्या टेबलाशी बसून म्हणालास, कोणाच्याही हातून होतं."

"तुला बरं वाटावं म्हणून..."

"मला बरं वाटावं म्हणून तू मला सांगत होतास की माझ्या नवऱ्याला मी मारलं."

मायलोने डोकं खाली घातलं. तो रडत होता बहुतेक. आर्डिसने पुंगळी त्याच्या हातातून काढून घेतली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. "ही शेरीफच्या माणसाला देणार आहे, परवा सकाळी. उद्या बुधवार आहे. त्याआधी तुझ्या जागेवर उभा राहून तू सगळ्यांना सांग."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी सांगेन. पण मग मी डोळ्यांचं सांगणार नाही. एवढंच सांगेन की तू ऐकलंस."

६

त्याने सांगितलं. बुधवारी, ऊन अजून उतरलं नव्हतं तेव्हा, उजवीकडच्या जागेवर, बंदूक न घेता उभा राहून. आवाज फार मोठा नव्हता, पण मैदानावर इतकी शांतता होती की कॉफीच्या किटलीपाशी उभ्या असलेल्या बायकांनाही ऐकू गेलं. डोळ्यांचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं, चार बारांचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आर्डिसची सगळी काडतुसं चांगली होती. एकूणएक."

कोणी त्याला शिवी दिली नाही. वेन्डेल त्याला गाडीने घरी सोडायला गेला, कारण आता त्याने गाडी चालवणं बरं दिसलं नसतं. ऑर्व्हलने आपली खोली बंद केली आणि आतच बसून राहिला. बायका आर्डिसपाशी आल्या. आम्हाला कधी वाटलंच नव्हतं हं, असं एकदोघी म्हणाल्या, आणि हे त्या मनापासून म्हणत होत्या, अशीच त्यांची समजूत झालेली होती. आर्डिसने मान डोलावली. तिला घरी जायचं होतं.

वाटेत तिने आपल्याला काय वाटतंय ते तपासून बघितलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, थोडं, खांद्यापाशी. हायवेवर सूर्य डोळ्यांवर आला म्हणून तिने सावलीची पट्टी खाली केली. स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघितलं. हे हात स्वच्छ आहेत, असं तिने एकदा मोठ्याने म्हणून बघितलं, आणि ते खरं होतं.

ती मागच्या दाराने आत आली, बूट काढले, किल्ल्या खिळ्याला लावल्या, आणि लाइल खाली बंदूक पुसत बसलेला असे तेव्हासारखीच तळघराच्या जिन्यापाशी उभी राहून खाली वाकून ओरडली, "लाइल, माझ्या हातून नव्हतं झालं."

ओरडून झाल्यावर तिला कळलं की आपण कोणाला हाक मारली. तीन आठवडे ती आपल्या हातांचा विचार करत होती. त्याआड तिला दुसरं काही बघावं लागलं नव्हतं. आता तिचे हात सुटले होते, आणि लाइल मेला होता.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली, आणि रडायला लागली.